सूप खाली ठेवताना

समोरच्या अंबुबाईंच्या घरात टीव्हीचा आवाज पुन्हा मोठा झाला आहे. दुपारी यंत्रमागवाल्यांची जेवणाची सुट्टी होते, आमच्या बोळातला खडखडाट थोडा वेळ थांबतो, आणि त्या शांततेत समालोचकाचा आवाज सरळ माझ्या खिडकीत येतो. कुणीतरी धावत असतं, कुणीतरी शेवटच्या वळणावर मागे पडत असतं. आशियाई स्पर्धा सुरू झाल्या आहेत. सकाळी पेपर येतो तो मी मधूनच उघडतो आणि शेवटचं पान न बघता घडी घालून ठेवतो. खेळाचं पान शेवटचं असतं.

स्पर्धांचा काळ हा आमच्या घरातला एक ऋतूच होता. पाऊस-थंडीसारखा त्याचा नेम नव्हता. कधी श्रावणात यायचा, कधी भाद्रपदात, कधी दोन-दोन वर्षं फिरकायचाच नाही. पण आला की घर बदलायचं. अक्का टीव्हीवरचं भरतकामाचं कापड काढून ठेवायची. खाट भिंतीपासून ओढून तिरकी करायची, म्हणजे विड्या वळता वळता मान न वळवता पडदा दिसावा. तेंदूची पानं आदल्या संध्याकाळीच भिजवून, ओल्या फडक्यात गुंडाळून तयार असायची. घरभर त्या ओल्या पानांचा आणि तंबाखूचा वास. मला तो वास लहानपणापासून इतका सवयीचा की दुसऱ्याच्या घरी गेलो की काहीतरी कमी वाटायचं. आता माझ्याच घरात तसं वाटतं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आईला आम्ही अम्मा म्हणायचो, घरात तेलुगू-मराठी मिसळून बोलायचो, बोळात मराठी. वडील मागावर होते, ते लवकर गेले. अम्मा आणि अक्का विड्या वळायच्या, तशाच जशा सोलापूरच्या पूर्व भागातल्या घराघरांतल्या बायका वळायच्या आणि अजून वळतात. अक्काचं लग्न झालं नाही. का झालं नाही ते विचारायच्या वयात मी विचारलं नाही, आणि नंतर ते विचारण्यासारखं राहिलं नाही. मी शिकलो, शाळेत मराठीचा मास्तर झालो, माझा संसार झाला, अम्मा गेली, पत्नी गेली, मुलगी हैदराबादला संसाराला लागली. शेवटी पुन्हा आम्ही दोघंच त्या घरात उरलो, लहानपणी बसायचो तसेच. ती सूप मांडीवर घेऊन, मी पुस्तक घेऊन.

अक्का चौथीपर्यंत शाळेत गेली. अक्षरं पुढे विसरली, कारण विडी वळणाऱ्या हाताला पुस्तक धरायला फुरसत नसते. पण शाळेतली एक गोष्ट ती विसरली नाही. सकाळी मैदानात रांगेत उभं राहून म्हणायचं ते राष्ट्रगीत. ती त्याला राष्ट्रगीत म्हणायची नाही, 'आपलं गाणं' म्हणायची. शाळा सुटली ती सुटलीच, तेवढं गाणं तिच्याकडे राहिलं.

विडी वळणाऱ्या बायकांचे हात आणि डोळे कामात असतात, कान मोकळे असतात. म्हणून आमच्या बोळात त्या काळी वाचून दाखवायची पद्धत होती. दुपारी शाळेतून आलो की ओट्यावर बसून मी पेपर वाचायचो आणि आजूबाजूच्या ओट्यांवरच्या बायका ऐकायच्या. खून, लग्नाच्या जाहिराती, सिनेमा, बाजारभाव. अक्का म्हणायची, "शेवटचं पान पहिलं वाच." हॉकीचा संघ कुठं खेळतोय, कुस्तीत कोण पडलं. मग कुणीतरी रेडिओ आणला आणि हिंदी समालोचन सुरू झालं. अक्काला हिंदी अर्धं कळायचं. चेंडू कुणाकडे आहे ते समालोचकाच्या दमावरून ओळखायची. सामना अटीतटीचा झाला की तिचे हात आणखी भरभर चालायचे. पान, चिमूटभर तंबाखू, वळणं, टोक दुमडणं, दोरा. बघणाऱ्याला वाटावं, बोटंच पळताहेत.

ते हात फक्त एका गोष्टीला थांबायचे. गाणं लागलं की.

विडीवालीला उठून उभं राहणं वाटतं तितकं सोपं नसतं. मांडीवर सूप असतं. सुपात कापलेली पानं, तंबाखू, दोऱ्याची रीळ, कात्री, झालेल्या विड्या. तसंच उठलं तर सगळं जमिनीवर. म्हणून आधी सूप दोन्ही हातांनी उचलायचं, बाजूला शहाबादी फरशीवर ठेवायचं, पदराचा तंबाखू झटकायचा आणि मग उठायचं. तोवर गाण्याची पहिली ओळ निघून जायची. अम्मा चिडायची. "बसून ऐकलं तर काय देव कोपतोय का," म्हणायची. पुढे अक्काने एक सवय लावून घेतली. गाणं लागणार असं दिसलं की आधीच सूप खाली ठेवायची. सूप टेकताना त्यातली कात्री किणकिणायची. घरात कुठंही असलो तरी त्या आवाजावरून मला कळायचं, आता उठायला हवं.

मी उठायचो. पण पुस्तक हातात, वाचत होतो त्या पानात बोट घालून.

"बोट काढ की रे पुस्तकातनं," अक्का गाणं संपल्यावर म्हणायची. "अर्धा उभा राहतोस तू."

तिचं बरोबर होतं. मी अर्धाच उभा असायचो. मला देशाच्या अभिमानाची थोडी भीती वाटायची. क्रिकेटचा सामना जिंकला की चौकात फटाके फुटायचे, सायलेन्सर काढलेल्या गाड्या फिरायच्या, आणि हरला की तीच पोरं खेळाडूंच्या आया-बहिणी काढायची. मी वाचलेल्या पुस्तकांनी मला शिकवलं होतं की गर्दी जेव्हा 'आपण' म्हणते तेव्हा जरा सावध असावं. अजूनही मला ते खोटं वाटत नाही. पण अक्काच्या 'आपण'मध्ये गर्दी नव्हती. तिचा देश काय होता, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. नकाशा तिला वाचता येत नव्हता. आयुष्यात ती एका बाजूला टेंभुर्णीपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला अक्कलकोटपर्यंत गेली, तीही लग्नकार्याला आणि दर्शनाला. देश तिच्या दारात यायचा तो खानेसुमारीवाला किंवा मत मागणारा होऊन. त्याला तिचं नाव नीट लिहिता यायचं नाही. तरी कुठल्या तरी दूरच्या मैदानात कुणाची तरी पोर घामेजून उभी राहिली आणि तिच्यासाठी ते शाळेतलं गाणं वाजलं, की अक्काच्या चेहऱ्यावर असं काही यायचं, जणू तिलाच कुणीतरी पूर्ण नावानं हाक मारली आहे.

एका वर्षीच्या ऑलिंपिकची गोष्ट आमच्या बोळात अजून सांगतात. आमच्याकडे तेव्हा नवा रंगीत टीव्ही आला होता. आपल्या एका बाईने वजन उचलण्यात पदक मिळवलं होतं. बाई आणि वजन, हे ऐकून शेजारपाजारच्या सगळ्या सुपं घेऊन आमच्या खोलीत जमल्या. अंबुबाई तेव्हा तरुण होत्या, जिभेला आत्तासारखीच धार.

"आमीबी उचलतो की रोज," त्या म्हणाल्या. "पाण्याच्या घागरी. आमाला कोन पदक देतंय?"

"तुला घागरीचं द्यायचं का जिभेचं?" अक्का म्हणाली.

पदक द्यायची वेळ आली. तीन बाया चौथऱ्यावर चढल्या. आपली बाजूच्या पायरीवर होती. अक्काने सूप खाली ठेवलं, तसं सगळ्यांनी ठेवलं. कात्र्या किणकिणल्या. खोलीभर बायका पदर सावरून ताठ उभ्या राहिल्या. झेंडे वर जायला लागले, आणि वाजलं ते कुठलंतरी अनोळखी गाणं.

कुणालाच कळेना. आपल्या बाईच्या गळ्यात पदक आहे, आपला झेंडा वर चाललाय, मग हे गाणं कुणाचं. मला माहीत होतं की गाणं फक्त पहिल्या आलेल्याचं वाजतं, पण ते मोठ्यानं सांगायला माझी जीभ रेटेना. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बसावं तर सगळ्या उभ्या, आणि आधी कोण बसणार. कुणीच बसलं नाही. ते गाणं पुष्कळ लांब वाटलं. संपलं तेव्हा मी हळूच सांगितलं, ही पहिली आली तिच्या देशाचं होतं.

"म्हंजे आमी दुसऱ्याच्या गाण्याला उठलो व्हय?" अंबुबाई म्हणाल्या. त्यांना फसवल्यासारखं वाटलं होतं.

अक्का खाली बसून सूप मांडीवर घेत होती. "मग काय झालं," ती म्हणाली. "तिच्याबी गावात कुणी असंल की सूप घेऊन बसलेलं."

चुकून झालेली गोष्ट पुढे आमच्या बोळाची रीत झाली. चौथऱ्यावर कुणाचंही गाणं वाजो, उठायचं. आधी अक्कासाठी उठायच्या, मग अक्का नसतानाही उठायला लागल्या. बाहेरच्या पाहुण्याला हे समजायचं नाही. जपानचं वाजतंय, केनियाचं वाजतंय, आणि सोलापुरातल्या एका बोळात बायका सुपं खाली ठेवून उभ्या आहेत. दुसऱ्याच्या गाण्याला उभी राहून राहून अक्काला आपल्या गाण्याची किंमत जास्त कळली होती, असं मला वाटतं. ते फुकट वाजत नाही, हे तिला पाठ झालं होतं.

आशियाई स्पर्धांत ते पुष्कळदा वाजायचं आणि ती उभी राहायची. पण ऑलिंपिकमधलं तिला हवं होतं. "तितं सगळं जग बसलेलं असतंय," ती म्हणायची. तिथं ते वाजलं नाही असं नाही. एकदा वाजलं तेव्हा ती कारखान्यात विड्या द्यायला रांगेत उभी होती. घरी आली तोवर संपलं होतं. पुन्हा एकदा वाजलं तेव्हा ती छातीच्या दुखण्यानं दवाखान्यात होती आणि त्या खोलीत टीव्ही नव्हता. नंतर दिवसभर तेच तेच दाखवत होते. मी म्हटलं, बघ, आता लागलंय. तिने पाहिलं, मन भरून पाहिलं, पण उठली नाही.

"शिळं हाय त्ये," म्हणाली. "उठायला ताजं पायजे."

मला हसू आलं होतं. तिला नाही आलं. त्या दिवशी मला कळलं की ही तिची एकच इच्छा आहे. तीर्थयात्रा नाही, दागिना नाही. त्या मोठ्या मैदानात आपलं गाणं वाजत असताना, त्याच क्षणी, इथं आपल्या पायांवर उभं राहायचं.

छातीचं दुखणं वाढत गेलं. एवढी वर्षं तंबाखूची धूळ आत गेली होती, ती कुठंतरी बसणारच. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाकडे धरून मला दाखवला. मग घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. त्याची घरघर रात्रंदिवस. आधी मला ती सहन व्हायची नाही, मग मागांच्या आवाजासारखी तीही अंगवळणी पडली. विड्या बंद झाल्या. पण सूप तिने खाटेवरून हलवू दिलं नाही. रिकामं सूप मांडीवर घेऊन बसायची, त्यात कात्री आणि रीळ. बोटं कधीकधी नुसतीच वळायची, हातात काही नसताना.

त्या वर्षी श्रावणात ऑलिंपिक आलं. खाट तिरकी करायचं काम मी केलं. अक्का नाकाला नळी लावून उशांना टेकून बघायची. मी पेपरचं शेवटचं पान पहिलं वाचायचो, जसं लहानपणी वाचायचो. तिने विचारायचं, "आज कुणाचं हाय?" आणि मी सांगायचं. कांस्य आलं, पुन्हा कांस्य आलं. ती म्हणायची, "चांगलं हाय. गाणं वाजायचं न्हाय पण चांगलं हाय." भालाफेकीवर तिची सगळी आशा होती. आपला पोरगा मागच्या वेळी पहिला आला होता, ती दवाखान्यात असतानाच. या वेळी तो पुन्हा पहिला येईल, असं सगळा देश म्हणत होता. मीही म्हणत होतो. पुस्तकं वाचलेला माणूस मी, आणि मनात त्या भाल्याला ढकलत होतो, अजून थोडा पुढे, अजून थोडा.

तो दुसरा आला. पहिला आला शेजारच्या देशाचा पोरगा.

पदक द्यायचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता. अंबुबाई आल्या, मागोमाग आणखी दोघी-तिघी आल्या. अक्काच्या प्रकृतीमुळं सगळ्या आमच्याकडेच जमायच्या. अंबुबाईंचा मुलगा श्रीनिवास युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात आहे, तोही आला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. तिघे खेळाडू चौथऱ्यावर चढले.

अक्काने सूप उचललं. रिकाम्या सुपाचंही तिला ओझं झालं, म्हणून मी हात लावला. आम्ही ते खाली ठेवलं.

श्रीनिवासने ते पाहिलं. "अक्का," तो म्हणाला, "ह्ये कुणाचं वाजणार हाय ठाऊक हाय न्हवं?"

"ठाऊक हाय."

"मग?"

"मग काय. पैला आला त्यो पोरगा. त्येचंच वाजणार की."

"जपानचं-बिपानचं ठीक हाय. ह्येंच्या गाण्याला आमी न्हाय उठणार."

"नको उठू," अक्का म्हणाली. तिला एका दमात बोलता येत नव्हतं, मधे थांबावं लागायचं. "तू कुटं सूप घेऊन बसलायस."

बायका हसल्या, पण जरा दबून. खोलीत काहीतरी ताणलं गेलं होतं. प्रत्येकीच्या घरात कुणीतरी असं होतं ज्याला हे आवडलं नसतं. आणि खोटं कशाला लिहू, माझ्याही मनात काहीतरी आक्रसलं होतं. अनोळखी गाण्याला उभं राहणं सोपं असतं.

अक्का उठायचा प्रयत्न करत होती. मी तिच्या काखेत हात घातला. जमेना. यंत्र घरघरत होतं, तिचा श्वास त्याच्यापेक्षा मोठा झाला. मी म्हटलं, "राहू दे अक्का." तिने मान हलवली आणि पांघरूण बाजूला सारलं. पाय खाटेखाली सोडायला लागली. सुजलेले, चकाकणारे पाय. मी ते धरून खाली सोडले.

"फरशीला लागले का बघ रे," ती म्हणाली. सुजेमुळं तिला कळत नव्हतं.

मी वाकून पाहिलं. तळवे फरशीवर सपाट टेकले होते.

"लागले."

तिने पाठ सरळ केली. गाणं सुरू झालं.

अंबुबाईंनी सूप खाली आदळल्यासारखं ठेवलं. "हिच्यापायी काय काय करावं लागतंय," असं पुटपुटत त्या उठल्या. मग बाकीच्याही उठल्या. मी उठलो. श्रीनिवासचा प्रश्नच नव्हता, तो आधीपासून उभाच होता. पण गाणं मध्यावर आलं तेव्हा माझं लक्ष गेलं. त्याने चौकटीला टेकवलेली पाठ काढून घेतली होती.

पडद्यावर आपला पोरगा पहिल्याच्या शेजारी उभा होता. अक्का त्याच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते कशाचं ते मी आजवर ठरवू शकलो नाही. आपलं वाजलं नाही म्हणून असेल. दम लागला म्हणून असेल. आपण काय मिळवलं याचा अभिमान मी पुष्कळ पाहिला आहे. हातून गेलेल्या गोष्टीसमोर पाठ ताठ ठेवून बसायचा अभिमान मी तेव्हाच पाहिला. तो असा काही दिसत नाही. एक म्हातारी बाई खाटेच्या कडेला बसलेली दिसते, एवढंच.

सगळ्या गेल्यावर मी तिचे पाय पुन्हा वर घेतले.

"आपलं राह्यलं," ती म्हणाली.

"पुढच्या वेळी," मी म्हटलं.

"व्हय. चार वर्सांनी." ती हसली. मग बराच वेळ डोळे मिटून पडली. मला वाटलं झोपली. मी पुस्तक उघडलं, तशी डोळे न उघडता म्हणाली, "ताजं लागलं की तू ऱ्हा उभा. सूप न्हाय तुझ्याकडं, पण पुस्तक तरी खाली ठेवायचं आठवंल का?"

मी हो म्हटलं. असल्या वेळी माणूस कशालाही हो म्हणतो.

नारळी पौर्णिमेला आमच्या भागात विणकरांच्या मार्कंडेयाचा रथ निघतो. त्याच्या तयारीचे ढोल लांबून ऐकू यायला लागले होते, त्या दिवसांत एका सकाळी ती गेली. यंत्र बंद केलं तेव्हा घर इतकं गप्प झालं की मी उगीचच पुन्हा बटण दाबलं.

तिला नेलं तेव्हा आमच्या बोळातल्या सगळ्या दारातच होत्या. त्यांनी त्या दिवशी सुपं हातात धरली नव्हती. पण बोळ ओलांडून पुढच्या गल्लीत गेलो, तिथं बायका नेहमीसारख्या ओट्यांवर विड्या वळत होत्या. त्या अक्काला फक्त चेहऱ्यानं ओळखत असतील. पहिल्या ओट्यावरच्या बाईने आम्हाला पाहिलं आणि मांडीवरचं सूप उचलून खाली ठेवलं. मग पुढच्या ओट्यावरचं सूप खाली गेलं. मग त्याच्या पुढचं. आम्ही जात होतो आणि आमच्या पुढं पुढं, एकामागून एक, फरशीवर सुपं टेकण्याचा तो हलका आवाज आणि आत किणकिणणाऱ्या कात्र्या. गल्ली संपेपर्यंत सगळ्या उभ्या होत्या. गाणं कुठलंच नव्हतं. मी तोवर रडलो नव्हतो.

त्यानंतर मी टीव्ही लावला नाही. तो कापडाखाली झाकलेला आहे. खाट पुन्हा भिंतीला लावली. सूप मात्र तिथंच आहे. मधे एकदा अंबुबाई म्हणाल्या, कुणाला तरी देऊन टाका, चांगलं सूप आहे, वाया कशाला. मी बघू म्हटलं. मग एक दिवस असाच तिच्या खाटेवर बसलो असताना सूप मांडीवर घेतलं आणि त्यात पुस्तक ठेवलं. वाचायला ते फार सोयीचं पडतं. मान वाकवावी लागत नाही. वेतात अजून तंबाखूचा वास आहे, पानं उलटताना तो वर येतो. आता मी रोज तसाच वाचतो. माझ्या वयाचा मास्तर मांडीवर सूप घेऊन बसलेला कुणी पाहिला तर हसेल, पण बघायला कुणी येत नाही.

तर या स्पर्धा सुरू झाल्या. अक्काशिवायची ही पहिली मोठी स्पर्धा. रस्त्याच्या कडेला तरवड पिवळा व्हायला लागला आहे, आमच्या तेलुगू बायकांच्या फुलांच्या सणाचे, बतुकम्माचे दिवस जवळ आले आहेत, आणि मला मात्र मनापासून वाटत होतं की या वेळी आपल्याला सुवर्ण मिळू नये. कुणीही हरो, पण ते गाणं तिच्याशिवाय वाजू नये. दूर कुठंतरी एखादी पोर वर्षानुवर्षं राबून तिथं पोचली असेल, आणि तिचा काही दोष नसताना सोलापुरातला एक म्हातारा खिडकीशी बसून तिच्या हरण्याची वाट बघतोय. मला माझीच लाज वाटत होती, तरी वाटायचं ते थांबत नव्हतं. शोक माणसाला इतका आपल्यापुरता करतो की त्याला देश तर सोडाच, समोरचा ओटाही दिसत नाही.

आज दुपारी माग थांबले होते. मी सुपात पुस्तक घेऊन बसलो होतो. समोरच्या टीव्हीवर समालोचक एकदम भराभर बोलायला लागला, मग ओरडायला लागला, मग बोळात दोन-चार घरांतून एकदम आवाज उठला. मला कळलं. मी ओळ वाचत होतो तीच पुन्हा वाचली. पुन्हा वाचली. बोळातला आवाज खाली बसला. आता पदक द्यायची तयारी चालली असणार.

मग समोरून ओळखीचा आवाज आला. अंबुबाईंचं सूप फरशीवर टेकलं होतं. त्यांच्या शेजारचं टेकलं. पलीकडे कुठंतरी आणखी एक.

"मास्तर," अंबुबाईंनी त्यांच्या दारातून हाक मारली. "ताजं हाय."

गाणं सुरू झालं. पहिली ओळ मी बसूनच ऐकली. ते जसं शाळेच्या मैदानात ऐकू यायचं तसंच होतं, त्यात काहीच बदललं नव्हतं, आणि मला वाटलं, उठताच येणार नाही. मग पाय खाटेखाली सोडले. तळवे फरशीला लागले का ते पाहिलं. मांडीवरचं सूप दोन्ही हातांनी उचललं आणि पुस्तकासकट बाजूला खाली ठेवलं. कात्री किणकिणली.

उभा राहिलो, शेवटपर्यंत.

"उठला न्हवं?" संपल्यावर अंबुबाईंनी विचारलं.

"उठलो की."

मग माग सुरू झाले. मी खाली बसलो, सूप पुन्हा मांडीवर घेतलं. पुस्तक मिटलं होतं. पानात बोट घालायचं राहून गेलं होतं. कुठपर्यंत वाचलं होतं ते मला अजून सापडलेलं नाही.